फोन सायलेंट, अलार्म चालू

(बीड येथे तरुणांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



माझ्याआधी इथे शिक्षणावर बोलणं झालं. माझ्यानंतर वकीलबाई संविधानावर बोलणार आहेत. मधे मला घेतलंय, बहुधा तुम्ही झोपू नये म्हणून. मी मोबाईल दुरुस्त करतो. डिस्प्ले, चार्जिंगची पिन, बॅटरी हे माझं रोजचं काम. तेव्हा मी मोठ्या विषयात शिरत नाही. रमजानच्या महिन्यात माझ्या काउंटरवर सगळ्यात जास्त जो प्रश्न येतो, त्यावरच बोलतो. प्रश्न असा: फोन सायलेंटवर असला तर अलार्म वाजतो का?

हसताय, पण आधी एक काम करा. सगळ्यांनी फोन बाहेर काढा. मशिदीत शिरताना किंवा वर्गात बसताना तुम्ही फोन जसा गप्प करता, तसाच आत्ता करा. कुणी बटण दाबत असेल, कुणी वरचा पडदा ओढून करत असेल, जशी तुमची सवय. आता दहा मिनिटांनंतरचा अलार्म लावा. स्क्रीन बंद करा, फोन खिशात किंवा पर्समध्ये ठेवा, आणि माझ्याकडे बघा.

उत्तर आधीच देऊन टाकतो. वाजतो. फोनबरोबर येणाऱ्या घड्याळाच्या अ‍ॅपमधला अलार्म साध्या सायलेंटने बंद होत नाही. अँड्रॉइडमध्ये होत नाही आणि आयफोनमध्येही होत नाही. फोन बनवणाऱ्यांनी हे मुद्दाम तसं ठेवलंय. माणूस रात्री फोन सायलेंट करतो तो लोकांनी झोपमोड करू नये म्हणून. अलार्म मात्र त्याने स्वतःच लावलेला असतो. दुसऱ्याची हाक आणि आपणच आपल्याला दिलेली हाक, यात फोन फरक करतो.

मग गिऱ्हाईक येऊन "भाई, सायलेंट पे था, इस वास्ते अलार्म बजाच नै" असं का म्हणतं? ते खोटं बोलत नसतं. अलार्म खरंच वाजलेला नसतो. फक्त कारण सायलेंट नसतं, दुसरं काहीतरी असतं. ते दुसरं काय, हे शोधण्यात माझा निम्मा रमजान जातो.

गेवराई-माजलगावकडची मुलं इथे बरीच दिसताहेत, म्हणून कालव्याचं उदाहरण घेतो. पैठणचा उजवा कालवा तुमच्या पाहण्यातला आहे. मुख्य कालव्यातून चाऱ्या निघतात आणि प्रत्येक चारीला आपलं वेगळं दार असतं. एका चारीचं दार पाडलं म्हणून दुसरीचं पाणी थांबत नाही. अँड्रॉइड फोनमध्ये आवाजाचं तसंच आहे. रिंगची चारी वेगळी, मेसेज-नोटिफिकेशनची वेगळी, गाणी-व्हिडिओची वेगळी, फोनवर बोलतानाच्या आवाजाची वेगळी आणि अलार्मची वेगळी. सायलेंट केलं की रिंग आणि नोटिफिकेशन या दोन चाऱ्या बंद होतात. अलार्मच्या दाराला कुणी हात लावत नाही. बहुतेक फोनमध्ये गाण्यांच्या दारालाही लावत नाही. म्हणूनच सायलेंट फोनवर रील उघडली की भर वर्गात गाणं सुरू होतं. हा अनुभव इथे कुणाला नसेल तर हात वर करा. नाही ना एकही हात!

या चाऱ्या बघायच्या असतील तर आवाजाचं बटण दाबा. स्क्रीनवर जी पट्टी येते, तिच्याजवळच्या छोट्या खुणेवर बोट ठेवा. सगळ्या पट्ट्या उघडतात. त्यात घड्याळाचं चित्र असलेली पट्टी अलार्मची. माझ्याकडे येणाऱ्या दहा तक्रारींतल्या कितीतरी तिथेच मिटतात. ती पट्टी तळाला गेलेली असते. काही फोनमध्ये ती शून्यापर्यंतही उतरते. घरातलं लहान पोर फोनवर खेळताना काय काय ओढून ठेवतं, ते त्यालाच माहीत.

आयफोनमध्ये जरा वेगळं आहे. तिथे अलार्मला बहुतेक फोनवर स्वतःची पट्टी नाही, तो रिंगच्या पट्टीवर चालतो. सायलेंटचं बटण दाबलं तरी अलार्म वाजतो, पण रिंगची पट्टी अगदी खाली ओढून ठेवली असेल तर अलार्मही कुजबुजतो. आणि अलार्मच्या आवाजात 'नन' निवडलं असेल तर नुसता थरथरतो. गादीवर ठेवलेला फोन थरथरला काय आणि न थरथरला काय. आयफोनवाल्यांनी फार ऐटीत राहू नये. २०२४ च्या एप्रिल-मे महिन्यात काही आयफोनवर अलार्मचा आवाजच येत नाही अशी ओरड जगभर झाली होती, आणि कंपनीलाही अडचण आहे हे मान्य करावं लागलं होतं.

आता 'सायलेंट' या शब्दाकडे येतो, कारण सगळी गडबड तिथे आहे. आपण पाच वेगवेगळ्या गोष्टींना सायलेंट म्हणतो. एक साधं सायलेंट. दुसरं व्हायब्रेट. तिसरं फ्लाइट मोड. यात नेटवर्क जातं, पण अलार्म बिनघोर वाजतो. अलार्मला ना सिम लागतं, ना इंटरनेट. चौथं 'डू नॉट डिस्टर्ब', ज्याला मराठी सेटिंगमध्ये 'व्यत्यय आणू नका' असं लिहिलेलं असतं. पाचवं म्हणजे फोन सरळ बंद करणं.

यातलं चौथं सगळ्यात फसवं. 'व्यत्यय आणू नका'मध्ये एक यादी असते, आत कुणाला सोडायचं त्याची. वॉचमनच्या हातातल्या यादीसारखी. त्या यादीत अलार्मचं नाव आधीपासून असतं. पण ते काढताही येतं. काढलं की अलार्म दाराबाहेर. जुन्या अँड्रॉइड फोनमध्ये तर 'पूर्ण शांतता' असा पर्याय असायचा, त्यात अलार्मही मुका. ही सोय वाईट नाही. फक्त आपण ती चालू केली आहे, हे आठवणीत राहायला हवं.

एका मुलाची गोष्ट सांगतो. नाव सांगणार नाही, तो इथे असूही शकतो. २०२५ ला दहावीची परीक्षा २१ फेब्रुवारीला सुरू झाली आणि १७ मार्चपर्यंत चालली. रमजान लागला २ मार्चला. म्हणजे अर्धी परीक्षा रोज्यात. ज्यांनी ती दिली त्यांना माहीत आहे ते वेळापत्रक. साडेचारला सहेरीला उठायचं, सव्वापाच-साडेपाचला फजर, मग थोडा अभ्यास, डोळा लागला तर पुन्हा झोप, आणि अकराला पेपर. या मुलाने दोन अलार्म लावलेले होते, साडेचारचा आणि नऊचा. पहिल्या दोन-तीन दिवसांत झालं काय, की आठवणीसाठी लावलेला आणखी एक अलार्म जमातीत उभा असताना खिशात वाजला. फोन सायलेंटवर होता, तरी वाजला. नमाज झाल्यावर सगळी सफ याच्याकडे वळून बघायला लागली. घरी येऊन त्याने मोठ्या भावाला विचारलं. भावाने 'व्यत्यय आणू नका'च्या यादीतून अलार्म काढून टाकला आणि सांगितलं, आता मशिदीत जाताना सायलेंट करू नको, हे चालू कर. उपाय अगदी बरोबर. मशिदीत फोन गप्प राहिला. पण एके दिवशी फजरहून परत आल्यावर ते बंद करायचं राहिलं. पोरगं झोपलं. नऊचा अलार्म ठरलेल्या वेळी उठला असेल, दारापर्यंत आला असेल, यादीत नाव नाही म्हणून परत गेला असेल. साडेदहाला शेजारच्या मुलाने दार वाजवलं, म्हणून तो पेपरला पोचला.

तो दुपारी अब्बूंबरोबर दुकानात आला. अब्बू म्हणाले, फोनच बदलून टाकतो. मी म्हटलं, फोनला काहीही झालेलं नाही, याला रोज्यात नवा फोन घेऊन देऊ नका, तो अभ्यास करणार नाही.

मशिदीत शिरताना काय करायचं, ते यातून निघतं. भिंतीवर पाटी असते, मोबाईल बंद ठेवा. आपण त्याचा अर्थ सायलेंट असा घेतो. कॉल आला तर सायलेंट पुरतं. नमाजच्या वेळेत एखादा अलार्म लागलेला असेल तर पुरत नाही. एकतर पाटीवर लिहिलंय तेच करा, फोन खरोखर बंद करा. नाहीतर नमाजच्या वेळांवर अलार्म ठेवूच नका. 'व्यत्यय आणू नका' वापरायचंच असेल तर त्याला मुदत लावा, अर्धा तास किंवा एक तास. वेळ संपली की ते आपोआप उठतं. नमाजमध्ये फोन वाजलाच तर तो कसा बंद करावा, त्याने नमाजला बाधा येते का, हा मसला इमामसाहेबांना विचारा. मी मोबाईलवाला आहे.

बंद केलेल्या फोनचा अलार्म वाजतो का? बहुतेक स्मार्टफोनमध्ये नाही. काही कंपन्यांच्या काही फोनमध्ये वाजतो, पण त्याच्या भरवशावर राहू नका. जुन्या बटणांच्या फोनमध्ये मात्र बऱ्याचदा वाजायचा, अजूनही वाजतो. त्याकडे मी नंतर येतो.

(इथे सभागृहात अलार्म वाजायला लागले.)

वाजू द्या, वाजू द्या. बंद करायची घाई नको. ज्यांचा वाजला त्यांनी हात वर करा. बरेच आहेत. आता ज्यांचा वाजला नाही त्यांनी करा. हे बघा, मागच्या रांगेत तिघे, इकडे मुलींमध्ये दोघी. तुमचं फार चांगलं झालं, आज दुपारी कळलं. पहाटे कळलं असतं तर उपयोग नव्हता. पट्टी बघा, यादी बघा, आणि ताई, तुमच्या फोनमध्ये दुपारऐवजी रात्रीची वेळ पडलीय. एएम-पीएमचा घोळ आहे. चोवीस तासांचं घड्याळ करून घ्या, ही कटकट कायमची जाते.

आता जरा नाजूक विषयाकडे वळतो. आपल्यातले बरेच जण घड्याळाच्या अलार्मवर उठत नाहीत, अजानच्या अ‍ॅपवर उठतात. आणि हे वाढत जाणार आहे, त्याला कारण आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. त्यानुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत भोंगा वापरता येत नाही. बीडला फजरची वेळ जूनमध्ये साडेचारच्या सुमारास सुरू होते, जानेवारीत पावणेसहाच्या सुमारास. म्हणजे वर्षभर ती सहाच्या आतच सुरू होते. नियम लग्नाच्या डीजेलाही आहे आणि मिरवणुकीलाही आहे. अंमलबजावणी सगळीकडे सारखी होते का, हे वकीलबाईंना विचारा, त्या माझ्यापेक्षा नीट सांगतील. मुंबई उच्च न्यायालयाचा जानेवारी २०२५ मध्ये निकाल आला, मग पोलिसांची कारवाई सुरू झाली. तेव्हा जूनमध्ये माहीमच्या जुमा मशिदीसह मुंबईतल्या काही मशिदींनी 'ऑनलाइन अजान' नावाच्या अ‍ॅपवर नोंदणी केली. तमिळनाडूतल्या कंपनीचं अ‍ॅप आहे. मशिदीत अजान होते, ती त्याच वेळी फोनवर ऐकू येते. भांडत बसण्यापेक्षा हा मार्ग मला शहाणपणाचा वाटतो. पण भोंगा मोहल्ल्याला उठवायचा, अ‍ॅप ज्याच्या त्याच्या खिशात उठवणार. खिशातली चारी बंद असेल तर पाणी पोचणार नाही.

मुद्दा असा, की अ‍ॅपची अजान आणि घड्याळाचा अलार्म या फोनच्या लेखी एक गोष्ट नाहीत. कितीतरी अ‍ॅप अजान नोटिफिकेशन म्हणून वाजवतात. नोटिफिकेशनची चारी सायलेंटने बंद होते, हे आपण पाहिलं. आयफोनवर तर नोटिफिकेशनचा आवाज जास्तीत जास्त तीस सेकंदच वाजू शकतो. फजरच्या अजानमधलं झोपेबद्दलचं जे वाक्य आहे, ते यायच्या आतच आवाज तुटतो. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या आयओएस २६ पासून बाहेरच्या अ‍ॅपनाही खरा अलार्म लावायची मुभा मिळाली आहे, सायलेंटमधूनही वाजणारा. पण ते अ‍ॅप बनवणाऱ्याने ती सोय घेतली असेल तरच.

अँड्रॉइडमध्ये अडचण वेगळी आहे. २०१५ ला आलेल्या अँड्रॉइड ६ पासून फोन बराच वेळ न हलता पडून राहिला की गाढ झोपतो, बॅटरी वाचवायला. अशा वेळी तो अ‍ॅपना म्हणतो, आत्ता नको, थोड्या वेळाने एकदम सगळ्यांचं बघू. घड्याळाच्या अलार्मला या झोपेतून सूट आहे. अ‍ॅपला ती मागून घ्यावी लागते. अँड्रॉइड १२ पासून 'अलार्म आणि रिमाइंडर' अशी वेगळी परवानगी आली, आणि अँड्रॉइड १४ पासून नव्याने टाकलेल्या बहुतेक अ‍ॅपना ती आपोआप मिळत नाही, आपल्याला आत जाऊन द्यावी लागते. त्यावर आपल्याकडे चालणाऱ्या स्वस्त फोनच्या कंपन्या बॅटरी जास्त टिकते हे दाखवायला मागे चालणारी अ‍ॅप स्वतःहून मारून टाकतात. मग अजान कधी वाजते, कधी वीस मिनिटं उशिरा वाजते, आणि सकाळी फोन हातात घेतल्याबरोबर पाचही वेळच्या सूचना एकदम येतात. उपाय सेटिंगमध्येच आहे. त्या अ‍ॅपच्या माहितीत जा, बॅटरीत 'निर्बंध नाही' करा, ऑटोस्टार्ट चालू करा, अलार्मची परवानगी द्या. आणि रात्री फोन अपडेट होऊन आपोआप बंद-चालू झाला तर घड्याळाचा अलार्म लॉक न उघडताही वाजतो, पण बाकीची बहुतेक अ‍ॅप तुम्ही पिन टाकेपर्यंत जागीच होत नाहीत. म्हणून मी म्हणतो, अजानचं अ‍ॅप जरूर ठेवा, पण उठायला घड्याळाचा अलार्मच लावा.

अ‍ॅपमधलं आणखी एक दुखणं आहे, ते आवाजाचं नाही पण रोज्याचं आहे. शहर कोणतं निवडलंय ते बघा. आपली बरीच मुलं मुंबई-पुण्यात शिकतात, तिथे अ‍ॅप टाकतात, आणि लोकेशन बंद असेल तर तेच शहर कायम राहतं. बीड मुंबईच्या जवळपास तीन अंश पूर्वेला आहे. एका अंशाला चार मिनिटं. म्हणजे बीडला पहाट मुंबईपेक्षा साधारण बारा मिनिटं आधी होते. सुट्टीला घरी आलेला मुलगा मुंबईच्या वेळेवर सहेरी खात बसला तर शेवटचे घास वेळ संपल्यावरचे होतील. उलट संध्याकाळी तो अख्ख्या मोहल्ल्याच्या बारा मिनिटं नंतर रोजा सोडेल. शिवाय फजरची वेळ सूर्य क्षितिजाच्या किती अंश खाली असताना धरायची, याच्या निरनिराळ्या पद्धती अ‍ॅपमध्ये असतात. कराचीची पद्धत १८ अंश धरते, उत्तर अमेरिकेची १५. त्या तीन अंशांनीही बारा-तेरा मिनिटांचा फरक पडतो. आपल्या मशिदीच्या तक्त्याशी अ‍ॅप जुळवून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे.

आमच्या लहानपणी हे काही लागायचं नाही. रमजानमध्ये जागवणारे गल्लीतून फिरायचे, दारावर थाप पडायची. ज्या घरात दिवा दिसत नसे तिथे दोनदा. तो माणूस कोणत्या घरात किती माणसं आहेत, कोण आजारी आहे, हे ओळखून होता. फोनला ते कळत नाही. पण आता त्या काळाचं रडगाणं गायला मी उभा नाही. तो माणूस रात्रभर जागायचा आणि ईदला आपण त्याच्या हातावर काय ठेवायचो, हेही मला आठवतं.

एक गोष्ट अशी आहे जी सायलेंटला जुमानत नाही, आणि ती तुम्ही बंद करू नये. २०२३ च्या जुलैत महाराष्ट्रात कितीतरी लोकांच्या फोनवर एकदम कर्कश आवाज झाला होता, स्क्रीनवर मोठी सूचना आली होती. माझ्या दुकानात त्या दिवशी रांग लागली, भाई, फोन हॅक झाला. हॅक नव्हता. केंद्राच्या दूरसंचार विभागाने घेतलेली ती चाचणी होती. पूर, भूकंप, अशा वेळी टॉवरच्या टप्प्यातल्या सगळ्या फोनना एकदम इशारा द्यायची ती व्यवस्था आहे. तिला तुमचा नंबर लागत नाही, इंटरनेट लागत नाही. फोन सायलेंट असला तरी आवाज येतो. त्या आवाजाला वैतागून बऱ्याच जणांनी सेटिंगमध्ये जाऊन 'वायरलेस इमर्जन्सी अलर्ट' बंद करून टाकले आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या जिल्ह्यात सिंदफणेचं आणि गोदावरीचं पाणी कुठवर आलं होतं, ते शिरूर आणि गेवराईच्या मुलांना मी सांगायला नको. ते अलर्ट चालू करा. अम्मी-अब्बूंच्या फोनमध्येही चालू आहेत का बघा. पुण्याच्या हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' अ‍ॅप आहे, वीज पडण्याचा इशारा देतं. ज्यांचे घरचे शेतात जातात त्यांनी जरूर टाकावं. पण ते शेवटी अ‍ॅप आहे, त्याला मघाचे सगळे अ‍ॅपचे नियम लागू. पावसाळी दुपारी रानात जाताना फोन सायलेंट ठेवू नका आणि त्या अ‍ॅपच्या बॅटरीवर निर्बंध ठेवू नका.

आता बटणांच्या फोनकडे येतो. दिवाळीनंतर आपल्या जिल्ह्यातून ऊसतोडीला माणसं निघतात, घरी म्हातारी आणि शाळेत जाणारी पोरं राहतात. एका दहावीतल्या मुलीचे आई-बाप असेच फडावर होते. ती आजीचा बटणांचा फोन घेऊन दुकानात आली. तिचा प्रश्न होता, आजी रात्री बॅटरी वाचवायला फोन बंद करते, तर बंद फोनवर अलार्म वाजेल का? मी म्हटलं, अंदाजाने सांगत नाही, बघू. पाच मिनिटांनंतरचा अलार्म लावला, फोन बंद केला, काउंटरवर ठेवला. ती समोर उभी. दुसरी गिऱ्हाइकं आली-गेली, तिची नजर हलली नाही. पाच मिनिटांनी फोन आपोआप उजळला आणि वाजला. ती काही बोलली नाही. फोन उचलला, पुन्हा एकदा तसंच करून बघते म्हणाली, आणि पुन्हा पाच मिनिटं थांबली. तिला मी दुकानात कामाला ठेवलं असतं.

(प्रश्नोत्तरांतून एकच इथे देत आहोत. एका मुलीने विचारलं: घरात एकच स्मार्टफोन आहे, तो भावाकडे असतो. मी अभ्यासाला पाचचा अलार्म लावते, तो बंद करतो. काय करू?)

बहीण, याला सेटिंग नाही. असतं तर मी इथेच करून दिलं असतं. हा प्रश्न मला दर महिन्याला येतो, आणि बहुतेक वेळा मुलीच विचारतात. फोन घरातल्या सगळ्यांचा असतो, पण रात्री तो मुलाच्या उशाखाली असतो. अलार्मला नाव देता येतं, तुझं नाव आणि 'पेपर' असं लिही, म्हणजे वाजवणारा कोण ते स्क्रीनवर दिसेल. त्याने झोपेत बंद करणं थांबेलच असं नाही. म्हणून दुसरं सांगतो. सेल टाकायचं साधं गजराचं घड्याळ अजूनही मिळतं, थोड्या पैशांत येतं. ते तुझं स्वतःचं. त्याला सायलेंट नाही, अपडेट नाही, पिन नाही. घेताना दुकानातच वाजवून घे, आणि सेल बदलल्यावर पुन्हा वाजवून बघ. ठेवायचं पलंगापासून चार पावलांवर, म्हणजे बंद करायला उठावं लागेल. भाऊ कुरकुर करेल. तो इथेच बसलाय का? बसलाय. मग चांगलंच झालं, घड्याळ त्यानेच आणायचं.